उशाशी हिरवं पाणी

बोरिवलीला आम्ही राहायला आलो ते ह्यांच्या छातीमुळे. गिरगावातल्या आमच्या खोलीची खिडकी उघडली की समोरच्यांचा स्टोव्ह दिसायचा. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, पण हवा कुठून आणू? ती तुम्हीच शोधा." तेव्हाची बोरिवली म्हणजे वाड्या, विहिरी, म्हशींचे गोठे आणि मधूनमधून एखादी नवी एकमजली इमारत. त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ह्या आजारावरची इंजेक्शनं नुकती कुठे मिळायला लागली होती, म्हणून निदान आशा तरी होती. तरीही क्षय हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढायचं नाही. छातीचा त्रास म्हणायचं.

पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीला लावून ह्यांची खाट टाकली. डॉक्टरांचे नियम कडक होते. ह्यांची ताटवाटी वेगळी, ती रोज उकळायची, चादरी उन्हात टाकायच्या. आणि सासूबाईंनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यांना मुळातच दमा. "त्यांना लागण झाली तर मी काही करू शकणार नाही," डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "जेवलास का रे?" हे म्हणायचे, "हो." मायलेकरांचं बोलणं तिथेच संपायचं.

हे एका ऑफिसात नकाशे काढायचे. घरी आले की बडबड, चेष्टा, शेजाऱ्यांच्या नकला. पण खाटेला खिळले आणि सगळं थांबलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. झोपलेले नसायचे, नुसते पडलेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुप्फुसाचं मी बघतो. पण ह्यांनी मनातून सोडून दिलं तर इंजेक्शनं पाण्यात गेली म्हणून समजा." तेव्हापासून ह्यांची पाठ दिसली की मी हातातलं काम टाकून ह्यांच्याशी काहीबाही बोलत बसायचे.

तेवढ्यात तो टँक आला. मरीन ड्राइव्हला नवं मत्स्यालय उघडलं होतं आणि अर्ध्या मुंबईला मासे पाळायचं वेड लागलं होतं. ह्यांच्या ऑफिसातल्या एका मित्रालाही लागलं. त्याचं लग्न झालं, बायकोने एका खोलीत मी राहीन नाहीतर हे मासे राहतील असं बजावलं, आणि एका रविवारी टॅक्सीच्या डिकीत घालून तो ते प्रकरण आमच्याकडे घेऊन आला. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिला पुट्टीने बसवलेल्या काचा, तळाला रेती आणि रेतीत लावलेली फितीसारखी लांब हिरवी पानं. मासे वेगळ्या बरणीत घालून त्याने मांडीवर धरून आणले होते. खाटेच्या उशाशी, खिडकीखाली स्टुलावर टँक बसला. मित्राने मला सगळं समजावून सांगितलं. दिवसाला चिमूटभर खाणं, थोडं ऊन, आठवड्याला दोन तांबे पाणी काढून दोन तांबे ताजं घालायचं, बस्स. खाणं म्हणजे जवळ्याची पूड. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात ती शेजारच्या मालवणी बाई डबीत घालून आणून द्यायच्या आणि सासूबाई नाकाला पदर लावून ती डबी लांबून बघायच्या.

आणि ह्यांनी कूस बदलली! खरं सांगते, मी देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी. हे तासन् तास टँककडे बघत पडायचे. मग बोलायला लागले. एका जाड्या काळ्या मॉली माशाला हेडक्लार्क म्हणायचे. "बघ बघ, काम काही नाही, नुसता सगळ्यांच्या मागे मागे फिरतो." दोन एंजलफिश होते चपटे, रुबाबदार. ते साहेब आणि मॅडम. गप्पी म्हणजे आमच्यासारखी कारकून मंडळी. डॉक्टर आले की त्यांनाही ऑफिसातल्या भानगडी ऐकाव्या लागायच्या.

असं जेमतेम बस्तान बसतंय तोवर पाणी हिरवं व्हायला लागलं.

आधी नुसती झाक आली, लिंबाच्या सरबतासारखी. मग दोनचार दिवसांत सरळ मुगाच्या कढणाचा रंग. काचेवर बुळबुळीत थर, पानांवर बोकडाच्या दाढीसारखे हिरवे केस. साहेब काचेशी आले तरच दिसायचे, मॅडम तर कुठे गेल्या पत्ताच नाही. मी घाबरले. ह्या माणसाला एवढी एकच गोष्ट भिंतीकडून इकडे घेऊन आली होती, आणि तीच डोळ्यांदेखत झाकली जात होती.

मी पदर खोचला. ह्यांच्या दाढीच्या जुन्या पात्याने काचा खरवडल्या. केस आलेली पानं कापून टाकली. मासे बादलीत काढले, सगळं पाणी उपसलं, रेती विहिरीवर नेऊन तांदळासारखी धुतली, कळशा आणून टँक भरला. लख्ख! कंबर मोडली, पण लख्ख. आठवडा गेला नाही तोच पुन्हा मुगाचं कढण. मी टँकसमोर उभी राहून अशी काही बोलले की हे हसून खोकायला लागले.

"अगं, शेवाळ ऐकत नाही तुझं," हे म्हणाले. "सासरचं असेल."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला. दिसतंय का काही आतलं?"

"दिसतंय की. असू दे गं."

हे असू दे मला कळेना. हा माणूस नकाशात केसाएवढी रेघ वाकडी गेली तर कागद फाडून टाकणारा. आणि आता कढणाकडे तोंड करून स्वस्थ पडतो काय, असू दे म्हणतो काय! पण भिंतीकडे वळत नव्हते, म्हणून मी गप्प बसले.

शेजारच्या मालवणी बाई येऊन बघून गेल्या. "कित्याक गे सारख्या सारख्या पाणी बदलतंस? पाण्याक जरा रवूक दी. आणि तुरटी फिरव." पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतोच, म्हटलं फिरवू. फिरवली. पाणी निवळलं खरं, पण दोन गप्पी उलटे तरंगायला लागले आणि हेडक्लार्क कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला. घाईघाईने अर्धं पाणी बदललं. हिरवं होतं ते परत आलंच.

मग मी उन्हावर घसरले. सकाळचं ऊन खिडकीतून थेट टँकवर पडायचं. पण तेच ऊन ह्यांच्या छातीवर पडायला हवं होतं, तशी डॉक्टरांची आज्ञाच होती. खिडकी एक. माणसाला ऊन हवं आणि पाण्याला नको. मी ह्यांची काळी छत्री उघडली आणि खिडकी नि टँक यांच्यामध्ये सुतळीने बांधून टाकली. येणारा-जाणारा विचारायचा, घरात छत्री का म्हणून. "माशांना सर्दी होते," मी सांगायचे. कुणाला समजावत बसणार?

छत्रीने थोडा फरक पडला, म्हणजे पडल्यासारखा वाटला. पण आता आंबूस वास यायला लागला आणि तळाशी रेतीवर पांढरं पांढरं काहीतरी साचलेलं दिसायचं. हाताला चिकट. मी म्हटलं, झालं, काचांची पुट्टी सुटायला लागली. एके दिवशी काच निखळणार आणि सगळं ह्यांच्या अंथरुणात.

"अहो, पुट्टी विरघळतेय हो ही."

"असेल, पुट्टीच असेल," हे छताकडे बघत म्हणाले.

मित्र एका रविवारी बघायला आला. वाकून बघितलं, वास घेतला, म्हणाला, "वहिनी, खाणं जास्त होतंय. उरलेलं कुजतं आणि त्यावर शेवाळ पोसतं."

माझं डोकंच फिरलं. "मी चिमटीने घालते! चिमटीने! तुमच्यासमोर मोजून दाखवू का?"

"रागावू नका हो. मग दुसरं कुणी घालत असेल."

"कोण घालणार? हे उठत नाहीत आणि सासूबाई तर खोलीत येत नाहीत."

मित्र बिचारा चहा पिऊन निघून गेला. हे त्या वेळी डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, थकले.

दुपारी मी गोठ्यावर जायचे. ह्यांच्यासाठी धारोष्ण दूध मिळायचं, पण समोर उभं राहिलं नाही तर त्यात पाणी पडायचं, म्हणून रोज स्वतः जायचे. घरी परत आले की सासूबाई जेवत असायच्या. अलीकडे त्यांचं जेवण फार उशिरा व्हायला लागलं होतं. विचारलं की म्हणायच्या, "पित्त होतं गं, भूकच लागत नाही लवकर." एके दुपारी म्हैस लाथा झाडायला लागली, गोठ्यावरचा भैया म्हणाला संध्याकाळी या, आणि मी रिकामी चरवी घेऊन लगेच परतले.

दार लोटलेलंच होतं. आत गेले तर सासूबाई खोलीत. ह्यांच्या उशाशी. एक हात टँकच्या पाण्यात, ओठ हलतायत, पदराच्या गाठीत कणकेच्या गोळ्या. एकेक गोळी काढून हलकेच पाण्यात सोडत होत्या. हे झोपलेले दिसत होते.

माझ्या हातातली चरवी दाणकन खाली पडायची राहिली. पुट्टी! महिनाभर मी ज्या पुट्टीच्या नावाने बोटं मोडत होते ती सकाळच्या पोळ्यांची कणीक होती. मी त्यांना खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावलं आणि आत आल्याबरोबर तोंड सोडलं. माझं काय काय बोलून झालं ते आता लिहायला नको. विहिरीच्या कळशा काढल्या, तुरटी काढली, मेलेले गप्पी काढले, डॉक्टरांची आज्ञा काढली. "त्या टँकवर तुमच्या मुलाचा जीव लागलाय, कळतं का तुम्हाला?"

सासूबाई एरवी उलट उत्तर देण्यात कमी नव्हत्या. पण त्या दिवशी पाटावर बसल्या आणि दम लागल्यासारख्या हळूहळू बोलल्या. "मी बोललेय देवाला. हा बरा होईपर्यंत रोज माशांच्या मुखी घास घालीन आणि मगच मी जेवीन. गिरगावात होतो तेव्हा बाणगंगेच्या कुंडावर जात होते. इथे कुठे जाऊ? मला रस्ते ठाऊक नाहीत. विहिरीत घास टाकत होते, पण तिथे मासे कुठले? मग हे मासे घरातच आले. मला वाटलं, देवानेच धाडले."

त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. रोजचं उशिराचं जेवण, ते पित्त, सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं आणि माझा राग बसला तो बसलाच. ओरडणार तरी काय? आई पोरासाठी उपाशी राहत होती आणि मी शेवाळाचा हिशेब मागत होते.

"आता बंद कर म्हणालीस तर बंद करते," त्या म्हणाल्या. "पण मग मी जेवणार नाही. माझ्या तोंडात घास जायचा नाही."

"बंद कशाला करायचं?" मी म्हटलं. "मासे काय ह्या टँकातच आहेत? देवळामागच्या तळ्यात ढिगाने आहेत. मी टाकून येत जाईन."

"तुझ्या हातून कसं चालेल? बोलले मी आहे."

"मग चला तुम्ही."

आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघायला लागलो. सकाळी पोळ्या झाल्या की सासूबाई कणकेच्या गोळ्या वळायच्या, मी ह्यांचं सगळं आवरून शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगायचे, आणि आम्ही दोघी मागच्या दाराने निघून पायवाटेने तळ्याकडे. सरळ गेलं तर जवळच, पण दम्याच्या माणसाबरोबर ती वाट लांब व्हायची. आधी आम्ही मुकाट चालायचो. मग त्या मला ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागल्या. हे पोहायला शिकण्याआधीच विहिरीत उडी मारून बसले होते, ती गोष्ट तर किती वेळा. तळ्याच्या पायरीवर बसून त्या गोळी सोडायच्या आणि पाणी नुसतं उकळायचं माशांनी. "बघ गं, कसे खातात," त्या म्हणायच्या, "तुमच्या त्या काचेतल्यांचं तोंडच एवढंसं." त्यांचा चेहरा तिथे निवायचा. परत आल्या की लगेच जेवायच्या. पित्त कुठल्या कुठे पळालं.

टँकचं मी आता जास्त काही केलं नाही. तळाची घाण एका रबरी नळीने ओढून काढली, आठवड्याला दोनच तांबे पाणी बदललं आणि छत्री तशीच राहू दिली. हिरवं पाणी हळूहळू फिकं होत गेलं. आधी हेडक्लार्कची शेपटी दिसली, मग पानांच्या मागून मॅडम. पानांना खालून नवे कोंब आले, केस नसलेले. एके सकाळी बघते तर पाणी इतकं नितळ, की टँकमधून पलीकडच्या छत्रीच्या काड्या दिसत होत्या. साहेबांच्या अंगावरचा पट्टान् पट्टा दिसत होता. मी टाळ्या पिटल्या.

"बघा! जिंकले की नाही?"

"झकास," हे म्हणाले. "फारच छान."

डॉक्टरांकडूनही त्याच सुमारास बरी बातमी आली. थुंकी तपासली होती, त्यात आता काही निघालं नव्हतं. ताटवाटी वेगळी ठेवा, पण माणसांना भ्यायचं कारण नाही म्हणाले. सगळं कसं मार्गी लागत होतं. आणि हे दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले.

आधी मला वाटलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल. छत्री हलवून पाहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी बरे असायचे, बोलायचे, पण मी दूध घेऊन परत यावं तर पाठ. इतकं करून पुन्हा तिथेच! शेवटी मला राहवेना. खाटेवर बसून मी ह्यांचा खांदा धरून ह्यांना इकडे वळवलं, आजारी माणूस वगैरे काही बघितलं नाही.

"आता काय कमी पडलं तुम्हाला? रक्ताचं पाणी करून पाणी स्वच्छ केलं मी. बघत का नाही तिकडे?"

मग मला वाटलं, सगळंच सांगून टाकावं, निदान हसतील तरी. मी सांगितलं. पुट्टी म्हणजे काय होतं, सासूबाई दुपारी कशा यायच्या, नवस, तळं, सगळं. हे हसले नाहीत.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले. "टँक माझ्या उशाशी, गं. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? इतकी मरमर मेले मी!"

"बोललो असतो तर तिने यायचं सोडलं असतं. म्हणून झोपल्याचं सोंग घ्यायचो." हे टँककडे बघत होते, पण माशांकडे नव्हे. "गोळ्या टाकून झाल्या की ती माझ्या कपाळावर हात ठेवायची. तोच, पाण्यातला. थंडगार. आजारी पडल्यापासून आईचा हात तेवढाच लागायचा मला. मग म्हटलं, होऊ दे पाणी हिरवं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि मला रडणाऱ्या बायकांचा भयंकर तिटकारा. मी उठून चरवी घेतली आणि गोठ्यावर निघून गेले. दूध तर मघाशीच आणलं होतं. भैया माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तळ्यावर गेलो. सासूबाईंनी गोळ्या सोडल्या, पाण्यात हात धुतले, नेहमीसारखे पदराला पुसायला घेतले. मी त्यांचा हात धरला.

"पुसू नका," मी म्हटलं.

"अगं, ओला आहे."

"असू दे ओला."

वाटेत हात सुकायला लागला तर मी विहिरीशी थांबून त्यावर पुन्हा पाणी घातलं. सासूबाई म्हणाल्या, ही सून आज वेडीच झाली. घरी आल्या त्या सवयीने उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि म्हणाल्या, "चहा घेतलास का रे?" हे आज सकाळीच भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी पाठीमागून सासूबाईंना हलकेच पुढे लोटलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आता आत गेलेलं चालतं," मी म्हटलं. "आधी आत जा. मग जेवा."